दुर्वे-साठ्यांचा आंबा

शरच्चंद्र दुर्वे आणि रमाकांत साठे यांच्यात एकोणीस वर्षं विस्तव जात नव्हता, आणि तो जावा असं दोघांपैकी कुणाला कधी वाटलंही नव्हतं. दुर्वे पहिल्या मजल्यावर, साठे बरोबर त्यांच्या खाली तळमजल्यावर. दादरमधल्या त्या बारा बिऱ्हाडांच्या सोसायटीचं नाव ‘सहजीवन’. नाव ठेवणाऱ्या बिचाऱ्याला काय माहीत, पुढे तिथं कोण राहायला येणार आहे ते!

भांडण होतं मागच्या अंगणातल्या आंब्यावरून. झाड पायरीच्या कोयीचं. दुर्वे म्हणत, कोय आमच्या गॅलरीतून मी टाकलेली. साठे म्हणत, माझ्या आईने स्वतःच्या हाताने पुरलेली. कोय काही साक्ष द्यायला येत नाही, त्यामुळे हा वाद मिटायचा प्रश्नच नव्हता. दोघांचाही त्या झाडावर जीव होता, हे मात्र आधीच सांगून ठेवायला हवं. पुढचं ऐकल्यावर ते कुणाला खरं वाटणार नाही.

दुर्व्यांचं घर कायस्थाचं, मूळ चौलच्या वाडीतलं. आठवड्यातले चार दिवस घरात मासळी. ललिताबाई मासळी धुतलेलं पाणी बादलीत काढून ठेवत आणि शरच्चंद्र ते खाली नेऊन आंब्याच्या आळ्यात ओतत. “झाडाला याच्यासारखं दुसरं टॉनिक नाही,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. साठ्यांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. शिवाय साठे खतं विकणाऱ्या एका कंपनीत एकतीस वर्षं होते. नत्र, स्फुरद, पालाश याखेरीज झाडाला कशाची गरज असते हे त्यांना मान्य नव्हतं. जून लागला की ते खोडापासून पाच फुटांवर गोल चर खणत, तराजूवर तोलून खत घालत, वर निंबोळी पेंड आणि शेणखत पसरत. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी झाडापासून तीन पावलांवर. बादली ओतली की वास सरळ आत.

एकोणीस वर्षांपूर्वी नेमका साठ्यांकडे सत्यनारायण असताना दुर्व्यांनी कोलंबी धुतलेलं पाणी जरा जोरात भिरकावलं, आणि प्रसादाच्या शिऱ्याजवळ दोन टरफलं येऊन पडली. चुकून पडली, असं दुर्वे आजही सांगतात. त्या दिवसापासून दोघं एकमेकांना पाण्यात पाहू लागले.

गंमत अशी की झाड मात्र दोघांचं खाऊन माजलं. एका वर्षी दोनशे-सव्वादोनशे आंबे उतरवले. दुर्व्यांनी त्याचं श्रेय मासळीला दिलं, साठ्यांनी खताच्या पोत्याला. मग चार वर्षांपूर्वी सोसायटीने अंगणभर पेव्हर ब्लॉक बसवले आणि झाडाला चार फुटांचं चौकोनी आळं ठेवलं. तेव्हापासून मोहोर कमी होत गेला, आणि सलग तीन वर्षं तर एक कैरीही धरली नाही. सेक्रेटरी हितेंद्र राऊतचा डोळा त्या जागेवर होता. त्याला तिथं दोन मजली पार्किंग हवं होतं.

नोव्हेंबरच्या मीटिंगमध्ये हितेंद्रने विषय काढला.

“काका, भावना वगैरे सगळं ठीक आहे. पण झाड काही देत नाहीये. या मेपर्यंत सुधारलं तर ठेवू. नाही सुधारलं तर वॉर्ड ऑफिसला अर्ज करू, ते येऊन बघतील आणि ठरवतील. ओके?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मग प्रश्न आला, तोपर्यंत झाड बघायचं कुणी. दुर्वे उभे राहिले, तसे साठेही उभे राहिले. हात वर झाले. साठ्यांना नऊ मतं आणि दुर्व्यांना तीन, त्यातलं एक त्यांचं स्वतःचं आणि एक ललिताबाईंचं. वर ठराव झाला की आळ्यात मासळीचं पाणी कुणी ओतू नये, वास येतो. “कुणी” म्हणताना सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं.

दुर्व्यांच्या अंगाची लाही लाही झाली. बहात्तराव्या वर्षी, गोदीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला भर मीटिंगमध्ये झाडापासून हाकलून लावलं होतं. तेही त्या पोतंवाल्या साठ्यासाठी! घरी येऊन ते जेवले नाहीत. ललिताबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, “झाड जगलं म्हणजे झालं ना? कुणाच्या हातून का जगेना.”

“त्याच्या हातून नाही,” शरच्चंद्र म्हणाले.

हे त्यांनी फार विचार करून म्हटलं नव्हतं. पण खरं तेच होतं.

जानेवारी सरला तरी मोहोर आला नाही. साठे वही घेऊन झाडाभोवती हिंडत आणि काहीबाही टिपून ठेवत. दुर्वे गॅलरीतून बघत राहत. अखेर फेब्रुवारीत त्यांनी ठरवलं की आपणच काहीतरी करायचं. झाडाला फुटवा आला की सगळ्यांसमोर सांगायचं, हे माझं काम. बादली नेता येत नव्हती, कारण वास लागलीच ओळखू आला असता. पण सुकी मासळी? ती मातीत पुरली, वर पालापाचोळा टाकला, की काम झालं.

ते मासळीबाजारात शांतीकडे गेले. शांती वरळी कोळीवाड्यातली, दुर्वे तिच्या सासूच्या काळापासूनचं गिऱ्हाईक.

“शांती, सुकटाचा चुरा हवाय. झाडाला घालायला.”

“जवला-बोंबलाचा साफ चुरा देते तुला. पन आता नाय, आठ दिस थांब,” ती सुरी पुसत म्हणाली. “आनि मूठ-मूठच घाल हां. झाड हाय, बोका नाय.”

बाजूच्या दोघी हसल्या. दुर्व्यांना ते लागलं. हल्ली त्यांना सगळंच लागत होतं. आठ दिवस थांबायला त्यांना वेळ नव्हता आणि मूठ-मूठ घालण्याइतका दमही नव्हता. ते तडक घाऊक सुक्या मासळीच्या एका गोदामात गेले. तिथं खाऱ्या मासळीच्या पोत्यांखालची झाडलोट होती. खाऱ्या बांगड्याची डोकी, शेपट्या, तुकडे, आणि त्यात पांढरं, जाडंभरडं मीठ. गोदामवाल्याने ती फुकटच दिली, वर कटकट गेली म्हणून आभार मानले.

मीठ दुर्व्यांना दिसलं नाही असं नाही. स्पष्ट दिसलं. पण चौलच्या वाडीत त्यांचे आजोबा नारळाच्या मुळाशी मीठ घालत आणि नारळ नुसते लगडत, हे त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं. मासळी आणि मीठ दोन्ही एकदम! त्यांना तर तो दुधात साखर पडल्याचा प्रकार वाटला. साठ्याच्या पुस्तकात हे कुठे असणार, असंही मनात येऊन गेलं.

साठे सकाळी पावणेसहाला शिवाजी पार्कला फिरायला जात आणि सात वाजता परतत. तेवढ्या वेळात दुर्वे खुरपं आणि पिशवी घेऊन खाली उतरायचे. आठवड्यातून दोनदा, दर खेपेला पाच किलो. आळ्याच्या चारही बाजू त्यांनी क्रमाने उकरल्या, चुरा पुरला, वर पाला सारखा केला. फेब्रुवारी संपला, मार्च निम्मा झाला. गल्लीतली मांजरं आळ्यात येऊन बसू लागली. वास थोडा यायचा, पण बिल्डिंगमधल्या लोकांनी तो मोरीच्या पाइपवर ढकलला आणि प्लंबरला बोलावलं. दुर्वे गॅलरीत चहा पीत प्लंबरची गंमत बघत होते.

मार्चच्या शेवटी पानांच्या कडा करपल्या. आधी टोकं, मग दोन्ही बाजू, मग अर्धी पानं. जळलेल्या कागदासारखी ती खाली पडू लागली.

दुर्व्यांना काय वाटलं? आनंद झाला. लपवण्यात अर्थ नाही. साठ्याने जास्त खत घालून झाड जाळलं, हे त्यांना एका क्षणात पटलं. स्वतःच्या पिशव्या त्यांच्या मनातही आल्या नाहीत. मासळीने कधी झाड मरतं का? त्यांनी करपलेली पानं गोळा केली, ती पांढऱ्या पाकिटात भरली आणि पाकिटावर तारखा घातल्या. मोबाइलवर फोटो काढले, त्यांच्या प्रती काढल्या आणि सोसायटीच्या फळ्यावर चिकटवल्या. खाली लाल पेनाने लिहिलं, “तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.” मग सह्या घेऊन खास मीटिंग बोलावली.

एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी मीटिंग झाली. दुर्वे पाऊण तास बोलले. एकोणीस वर्षांत साठलेलं सगळं त्यांनी बाहेर काढलं.

“यांना पोत्यावरचे आकडे वाचता येतात, झाड वाचता येत नाही! मी तीस वर्षं वाढवलेलं झाड यांनी चार महिन्यांत मारलं. हा खून आहे, खून! माणसाचा असता तर आत गेले असते.”

“काका, जरा सांभाळून,” हितेंद्र म्हणाला, पण त्याचा चेहरा खुललेला होता.

दुर्वे थांबले नाहीत. “कंपनीत एकतीस वर्षं काय केलं कुणास ठाऊक. हे खपवत होते म्हणूनच शेतकऱ्यांची जमीन गेली!”

साठे खुर्चीत ताठ बसून होते. एक शब्द बोलले नाहीत. फक्त एकदा, दुर्वे ‘खुनी’ म्हणाले तेव्हा, त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. लोकांनी त्याचा अर्थ कबुली असाच घेतला. त्यानंतर जिन्यात कुणी साठ्यांशी नीट बोलेनासं झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या सलोनीने तर आपल्या कुंड्या त्यांच्या खिडकीजवळून उचलल्या. दुर्वे त्या रात्री दोन वाट्या सोलकढी प्याले.

मेच्या पहिल्या आठवड्यात ते पापलेट घ्यायला बाजारात गेले. खूश होते, म्हणून शांतीशी बोलत बसले. झाडाची सगळी हकिगत त्यांनी तिखटमीठ लावून सांगितली. साठ्याने झाड कसं जाळलं, आपण त्याला मीटिंगमध्ये कसं सोलून काढलं.

“आनि तू चुरा न्यायला येनार व्हतास, त्याचं काय झालं?” शांतीने विचारलं. “मी ठेवला व्हता काढून.”

“मिळाला मला दुसरीकडून. तुझ्यापेक्षा चांगला. खाऱ्या बांगड्याचा, मिठासकट. साठ-पासष्ट किलो घातला.”

शांतीचा हात पापलेटावरच थांबला. “खारा? आंब्याला?”

“का? आमच्याकडे नारळाला मीठ घालतात.”

“अरे बाबा, नारल हाय तो! दर्याच्या कडेला जगतो. त्याला मीठ चालतं. आंब्याला मीठ?” ती त्यांच्याकडे बघतच राहिली. “मासली इतकी वर्सं खातोस आनि सुकं कुठलं, खारं कुठलं, ते तुला कलाया नको? पानाच्या कडा जल्ल्या बोललास ना तू? मिठानंच जल्ल्या त्या.”

आजूबाजूला कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, दुर्व्यांना राग तरी आला असता. ते पापलेट तिथंच विसरून घरी आले.

गॅलरीत उभं राहून त्यांनी झाडाकडे पाहिलं. वरच्या दोन फांद्या पूर्ण उघड्या झाल्या होत्या. त्यांनी ललिताबाईंना सगळं सांगितलं, कारण आणखी कुणाला सांगणार? ललिताबाईंनी ऐकून घेतलं. त्या ओरडल्या नाहीत.

“मग आता खाली जा,” त्या म्हणाल्या. “साठ्यांना सांगा. ते अजून खत घालत असतील तर आणखी जळेल. उपाय त्यांनाच ठाऊक असणार.”

“त्याच्या दारात? मी?”

“नाही तर काय ते झाड येणार आहे तुमच्या दारात?”

तीन दिवस गेले. या तीन दिवसांत दुर्व्यांनी नुसतं झाड पाहिलं. वॉर्ड ऑफिसातून माणसं एकवीस तारखेला येणार, असा हितेंद्रने ग्रुपवर मेसेज टाकला होता. चौथ्या दिवशी सकाळी ते खाली उतरले आणि एकोणीस वर्षांनी साठ्यांची बेल वाजवली. मनात एकच होतं, हा माणूस आता आपल्याला फाडून खाणार. खाऊ दे, पण झाड वाचू दे.

साठ्यांनी दार अर्धंच उघडलं.

“मला एक सांगायचं होतं,” दुर्वे म्हणाले. “झाडात मीठ गेलंय. मी घातलं. चुरा होता, खाऱ्या मासळीचा. मला वाटलं होतं, फायदा होईल.”

साठे आत गेले आणि एक कागद घेऊन आले. माती तपासणीचा रिपोर्ट होता तो. तारीख एप्रिलची चार. क्षारांचा आकडा पेनाने गोल केलेला.

“मांजरं का येतात म्हणून मी माती उकरली,” साठे म्हणाले. आवाज अगदी थंड होता. “बांगड्याचं डोकं हाताला लागलं. त्याच दिवशी माती तपासायला दिली.”

दुर्वे तारखेकडे पाहत राहिले. मीटिंगच्या आधीची तारीख.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मीटिंगमध्ये मी बोलत होतो तेव्हा?”

“खिशात होता कागद.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलणार होतो. त्यासाठीच आणला होता. मग तुम्ही मला खुनी म्हणालात.” साठ्यांनी चष्म्यातून त्यांच्याकडे सरळ पाहिलं. “मी म्हटलं, ठीक. खून म्हणजे काय असतं ते यांना डोळ्यांनी बघू दे. रोज, गॅलरीतून.”

दुर्व्यांना कळेना की हा माणूस काय बोलतोय. “पण उपाय? काही तर उपाय असेल?”

“होता. वरची फूटभर माती काढून टाकायची आणि आठ दिवस भरपूर गोडं पाणी सोडायचं. मीठ धुऊन खाली जातं. एप्रिलमध्ये केलं असतं तर शंभर टक्के वाचलं असतं.”

“मग का केलं नाहीत? नळ तुमच्या खिडकीखाली आहे! नळी तुमच्या मोरीत आहे!”

“तुम्ही यायची वाट बघत होतो,” साठे म्हणाले. “तुम्ही येऊन सांगायला हवं होतं. एक महिना वाट बघितली. मी तुमची घाण का म्हणून धुवायची?”

“झाडासाठी!” दुर्वे ओरडले. “झाड तुमचंही होतं ना?”

साठ्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं. पण ते म्हणाले एवढंच, “तुमच्यामुळे मला ते बघवेनासं झालं होतं.” आणि त्यांनी दार लावून घेतलं.

दुर्व्यांनी त्याच दिवशी माणूस लावून माती काढली. हितेंद्रने विचारलं तर सांगितलं, मुंग्या झाल्यात. नळी लावून सकाळ-संध्याकाळ पाणी सोडलं. पाणी पेव्हर ब्लॉकवरून वाहून फाटकापर्यंत गेलं, लोकांनी आरडाओरडा केला, टँकरचा खर्च कोण देणार म्हणून विचारलं. साठ्यांची खिडकी बंदच होती. एकवीस तारखेपर्यंत झाडावर एक हिरवं पान उरलं नाही.

उद्यान खात्याच्या बाई दहा वाजता आल्या. सोबत एक मुकादम. बाईंनी चाकूने खोडाची साल खरवडली, मग एका फांदीची, मग दुसरीची. आत सगळीकडे तपकिरी. एक फांदी त्यांनी हाताने वाकवली तर ती काडकन मोडली.

“हे गेलंय,” त्या म्हणाल्या. “पण एवढं जुनं झाड दोन-तीन महिन्यांत असं जात नाही. काही घातलं होतं का याला? खत, औषध, केमिकल? खरं सांगा, मला कारण लिहावं लागतं.”

अंगणात दहा-बारा माणसं जमली होती. सगळ्यांनी साठ्यांकडे पाहिलं. साठे मागच्या दारात उभे होते. दुर्वे आळ्याच्या कडेला. दोघांची नजरानजर झाली.

दुर्व्यांच्या मनात आलं, आता साठे तो कागद काढणार. काढू दे. त्याआधी आपणच बोलावं, मी मारलं म्हणावं, मोकळं व्हावं. तोंड उघडलंसुद्धा. पण लोक बघत होते, हितेंद्र मोबाइल घेऊन व्हिडिओ काढत होता, आणि एप्रिलमध्ये ज्या आवाजात आपण ‘खून’ म्हटलं होतं तो आवाज त्यांना आता कुठे सापडेना. शिवाय आपण बोललो की तो सुटला. लोकांच्या नजरेत तो स्वच्छ होणार, आणि त्याने महिनाभर नुसतं बघत बसून काय केलं ते कुणाला कळणार नाही. हे त्यांना सहन होईना. त्यांनी तोंड मिटलं.

साठ्यांचा हात खिशाजवळ गेला होता. कागद बाहेर काढला तर बाई तारीख वाचणार, आणि एप्रिलपासून काय करत होता म्हणून विचारणार. हात तिथंच राहिला.

“कुणालाच माहीत नाही?” बाईंनी पुन्हा विचारलं.

ललिताबाई गॅलरीत उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

बाईंनी फॉर्मवर लिहिलं आणि कागद पुढे केला. “दोन रहिवाशांच्या सह्या लागतील. जे झाड बघायचे त्यांच्या.”

“हे दोघेच,” हितेंद्र लगेच म्हणाला. “दुर्वेकाका आणि साठेकाका. यांच्याइतकं त्या झाडाचं कुणालाच माहीत नाही.”

दुर्व्यांनी चष्मा चढवून वाचलं. ‘झाड मृत. कारण विचारता, रहिवाशांना काही माहिती नाही.’ त्यांनी सही केली. साठे पुढे आले, त्यांच्याच हातातून पेन घेतलं आणि खाली सही केली.